चांदवडची थंडी, ब्रसेल्सची कोबी आणि बियाण्याचा प्रश्न



चांदवडला इतिहासावर बोलायचं म्हटलं की रंगमहाल, टांकसाळ नाहीतर किल्ला, यातलं काहीतरी असणार असं धरूनच लोक येतात. आज मी कोबीवर बोलणार आहे. (हशा) हसा, हरकत नाही. पण कोबीलाही इतिहास असतो, आणि तो इथल्या शेतकऱ्याच्या आजच्या एका प्रश्नाशी येऊन भिडतो.

प्रश्न असा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत, मॉलमध्ये ब्रसेल्स स्प्राउट नावाची भाजी असते. भाव चांगला असतो. आपल्या जिल्ह्यात ब्रोकोली होते, झुकिनी होते, लेट्युस होतो, रंगीत ढोबळी होते. मग ही का होऊ नये? तरुण शेतकरी हे विचारतात आणि विचारलंच पाहिजे. कांद्याच्या भावाने ज्याचं कंबरडं मोडलंय तो दुसरं काहीतरी शोधणारच.

आधी ही भाजी काय आहे ते सांगतो, कारण ‘स्प्राउट’ म्हटलं की आपल्याकडे मोड आलेली मटकी डोळ्यांसमोर येते. हिचा मटकीशी काही संबंध नाही. झाड कमरेपर्यंत वाढतं. मध्ये एक जाड दांडा, शेंड्याला पानांचा झुबका, आणि दांड्यावर प्रत्येक पानाच्या बेचक्यात लिंबाएवढा कोबीचा गड्डा. एका झाडावर असे पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त. खालून वर तयार होत जातात. नाव ब्रसेल्स शहरावरून पडलं, कारण त्या मुलखात ती बऱ्याच शतकांपासून पिकत आली आहे.

आता गंमत बघा. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि ही ब्रसेल्सची कोबी, वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात ही सगळी एकच जात आहे. युरोपच्या समुद्रकाठी वाढणारं एक रानटी झाड, त्याचा माणसाने कुठे शेंडा फुगवला, कुठे फूल फुगवलं, कुठे खोड फुगवलं, आणि ब्रसेल्सच्या बाजूला बेचक्यातले डोळे फुगवले. भाऊबंदच सगळे. म्हणून तर प्रश्न जास्त टोकदार होतो. यातला फ्लॉवर आपल्याकडे इतका रुळला की लग्नाच्या पंगतीत त्याच्याशिवाय भाजी होत नाही. कोबी तर घराघरात. मग पाचवा भाऊ बाहेर का राहिला?

‘हवा मानत नाही’ हे सगळे देतात ते उत्तर. ते चुकीचं नाही, पण अर्धं आहे. फ्लॉवरलाही आपली हवा मानत नव्हती. माझं म्हणणं असं की परकं पीक एखाद्या मुलखात रुजतं की नाही हे ठरतं त्याचं बी तिथे धरतं की नाही यावर, आणि ते बी कुणाच्या हातात राहतं यावर. आजचं सगळं बोलणं याच भोवती आहे.

थोडं मागे जाऊ. ‘कोबी’ हा आपला शब्दच मुळी पोर्तुगीज आहे, ‘कूव्ह’वरून आलेला. बटाटाही तसाच. नवलकोलमध्ये ‘नवल’ काही नाही, तो डच भाषेतल्या गाठीच्या कोबीच्या नावाचा अपभ्रंश. म्हणजे किनाऱ्यावर या भाज्या आधीच ऐकून-पाहून माहीत होत्या. पण घाटावर त्या पसरायला इंग्रजी अंमल यावा लागला. चांदवड होळकरांकडून इंग्रजांकडे गेलं ते १८१८च्या मंदसौरच्या तहाने. त्याच्यानंतर दहा वर्षांत मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग काढली. तिथे देशोदेशीची झाडं लावून बघायची, काय जगतं काय मरतं त्याची नोंद ठेवायची. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या बागेवर होते. त्यांनी जुन्नर भागात हिवरे इथेही बाग चालवली. त्या काळात दापोडीच्या झाडांची चित्रं एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराने काढली. ती आज एडिंबरोला आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुठे लिहून ठेवलेलं नाही.

माल्कमसाहेबांनीच महाबळेश्वर वसवलं. तिथे १८३०च्या दशकात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेले कैदी. या लोकांना भाजीपाल्याची उत्तम जाण होती. त्यांनी तुरुंगाभोवतालच्या रानात बटाटा आणि विलायती भाज्या अशा पिकवल्या की साहेबलोकांची टेबलं त्यावर चालायची. १८६४मध्ये तुरुंग बंद झाला, पण सुटलेल्यांपैकी काही जण तिथेच राहिले आणि भाजीच करत राहिले. महाबळेश्वरच्या इतिहासात स्ट्रॉबेरीचं कौतुक खूप होतं, या माणसांचं होत नाही.

पण महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. तिथे थंड भाजी होणं हे काही मोठं आक्रीत नव्हे. खरी अडचण खाली पठारावर होती. आणि त्यातही बियाण्याची. बी विलायतेहून जहाजाने यायचं. सुएझ कालवा १८६९चा, त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून महिनोनमहिने. दमट हवेत कोबीवर्गाचं बी लवकर मरतं. मुंबईला उतरेपर्यंत निम्मं गेलेलं, पावसाळा काढला की उरलेलंही गेलं. कॅन्टोनमेंटच्या बागेत साहेब दरसाल नवी पुडी मागवायचा, माळी पेरायचा, गड्डा मिळायचा, झाड संपायचं. पुढच्या साली परत पुडी. देवळालीची छावणी असो की मालेगावची, आग्रा रोडवरून जाणाऱ्या पलटणींना असली भाजी लागायची, पण त्या भाजीचं बी शेतकऱ्याच्या घरात कधी शिरलं नाही.

फ्लॉवरचं मात्र वेगळं घडलं, आणि हा भाग मला सगळ्यांत आवडतो.

भाजीशास्त्राच्या पुस्तकांत सांगतात की १८२२मध्ये लंडनच्या क्यू बागेतून डॉ. जेमसन यांनी फ्लॉवरचं बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आणलं. इथे जरा थांबतो. सहारनपूरच्या बागेचे अधीक्षक म्हणून जे जेमसन प्रसिद्ध आहेत ते १८४२नंतर तिथे आले. १८२२मध्ये त्या जागेवर डॉ. गोवन होते आणि त्यांच्यामागून रॉयल आले. तेव्हा साल तरी सरकलंय नाहीतर नाव तरी. एका पुस्तकातलं दुसऱ्याने उचललं, दुसऱ्यातलं तिसऱ्याने, आणि आता स्पर्धा परीक्षेत एका मार्काला तेच विचारतात. तारखेचं असं असलं तरी मूळ गोष्ट पक्की आहे: एकोणिसाव्या शतकात कंपनीच्या बागांतून फ्लॉवरचं बी गंगेच्या मैदानात गेलं आणि तिथल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या हातात पडलं.

त्यांनी काय केलं? काही विशेष केलं नाही, बी धरलं. ते इंग्लंडातलं पीक, त्याला गड्डा भरायला दहा ते सोळा अंशांची हवा लागायची आणि फुलोऱ्यावर जायला त्याहून जास्त थंडी. बिहारच्या मैदानात ती कुठून मिळणार? बहुतेक झाडं नुसती पानावर गेली. पण हजारात दोन-चार अशी निघाली की ती त्या हवेतही गड्डा धरून फुलली आणि त्यांना शेंगा आल्या. जी फुलली नाहीत त्यांचं बीच नाही, म्हणजे त्यांचा वंश तिथेच थांबला. शेतकऱ्याने जे मिळालं तेच पुन्हा पेरलं. असं ऐंशी-शंभर वर्षं चाललं. कुठली प्रयोगशाळा नाही, कुणाचा पगार नाही. १९२९मध्ये सटन कंपनीने ज्या देशी फ्लॉवरच्या जाती आपल्या यादीत विकायला ठेवल्या त्यांची नावं ऐका: अर्ली पाटणा, मेन क्रॉप पाटणा, अर्ली बनारस, मेन क्रॉप बनारस. इंग्रजी कंपनी, आणि विकतेय पाटण्याच्या आणि बनारसच्या माळ्याचं बी! हा देशी फ्लॉवर वीस-पंचवीस अंशांतही गड्डा धरतो. पुढे जगात उष्ण मुलखासाठी फ्लॉवरच्या जाती करायच्या झाल्या तेव्हा शास्त्रज्ञांनी याच वाणाचा आधार घेतला. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या पुसा कातकी, पुसा दीपाली या जाती त्याच वंशातल्या.

हे सगळं आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही, कारण चांदवड-देवळा-कळवण-सटाणा पट्ट्यात कांद्याचं हेच चालतं. चांगले, एकसारखे, न फुटलेले कांदे निवडून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डोंगळ्याला लावायचे. थंडी लागली की दांडे वर येतात, गोंडे धरतात, एप्रिलमध्ये काळं बी हातात. कांद्याचं बी वर्षभरातच जुनं होतं, म्हणून दरसाल धरावं लागतं. आणि लागवडीच्या कांद्यात डोंगळे निघाले की आपण कपाळाला हात लावतो. ते झालेलं काय असतं? रोप पुरेसं मोठं असताना थंडी लागली, झाडाला वाटलं हिवाळा झाला, आता बी टाकून मोकळं व्हावं. याला शास्त्रात मोठं नाव आहे, पण तुमच्या घरातली आजी ते शास्त्र नाव न घेता जाणते. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्राने एन-२-४-१ ही उन्हाळ कांद्याची जात काढली तीही स्थानिक कांद्यातून निवड करूनच.

कांद्याला डोंगळ्यासाठी दहा-बारा अंशांच्या आसपासची थंडी काही आठवडे पुरते. ती आपल्याकडे मिळते. शेजारच्या निफाडला गहू संशोधन केंद्रावर कधी कधी पारा पाच अंशांच्याही खाली जातो, पेपरात फोटो येतात, द्राक्षवाले रात्री शेकोट्या पेटवतात. पण ती थंडी चार-आठ दिवसांची. ब्रसेल्स स्प्राउटला बी धरायचं तर पूर्ण वाढलेल्या झाडाला पाच-सात अंशांच्या आसपास दीड-दोन महिने काढावे लागतात. तेवढी सलग थंडी चांदवडला कधीही पडत नाही. म्हणजे फ्लॉवरच्या बाबतीत पाटण्याच्या शेतकऱ्याला जी संधी मिळाली, हजारातलं एक तरी झाड फुलण्याची, ती इथे या पिकाला नाही. शंभर वर्षं पेरलं तरी निवड करायला बीच हाती लागणार नाही.

साध्या कोबीचंही बरंचसं असंच आहे, आणि तिचा इतिहास म्हणूनच फ्लॉवरपेक्षा वेगळा झाला. दुसऱ्या महायुद्धात विलायती बियाण्याची आवक तुटली. तेव्हा थंड हवेच्या भाज्यांचं बी देशातच धरायचं ठरलं आणि त्यासाठी बलुचिस्तानातलं क्वेट्टा निवडलं गेलं. बरं चाललं होतं, तेवढ्यात फाळणी झाली आणि क्वेट्टा पाकिस्तानात गेलं. फाळणीत काय काय गेलं याच्या याद्या आपण वाचतो, त्यात कोबीचं बी कुणी लिहीत नाही. मग १९४९मध्ये कुलू खोऱ्यात कटराईनला भाजी बियाण्याचं केंद्र उभं राहिलं. पुढे ते दिल्लीच्या संस्थेकडे आलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं जी गोल्डन एकर कोबी लावली जायची तिचं बी हिमालयाच्या कुशीतून यायचं. मैदानात बी धरणारी ‘पुसा अगेती’ नावाची कोबीही दिल्लीच्या संस्थेने पुढे काढली, पण तोवर बाजार बदलला होता. जपानी बियाणे कंपन्यांनी उन्हाळ्यातही गड्डा भरणाऱ्या संकरित कोबी काढल्या होत्या. १९८८मध्ये आपल्या सरकारने नवं बियाणे धोरण आणलं, भाजीच्या बियाण्याची आयात सोपी झाली, आणि डबी-पुडीतलं संकरित बी गावोगावच्या कृषी सेवा केंद्रात आलं.

त्यामुळे कोबी बाराही महिने झाली, हे खरं. आग्रा रोडवरच्या प्रत्येक ढाब्यावर मंचुरियन मिळायला लागलं तेही त्याचमुळे, (हशा) ते उपकार की अपकार तुम्ही ठरवा. पण संकरित कोबीचं बी घरी धरता येत नाही. धरलं तरी पुढची पिढी एकसारखी येत नाही. फ्लॉवर शेतकऱ्याच्या घरातून आला, कोबी दुकानातून आली.

कुणी म्हणेल, द्राक्षाचं काय? तेही थंड मुलखातलं. १९२०च्या दशकात ओझरचे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षाची बाग लावली, आणि आज नाशिक म्हटलं की द्राक्ष. बरोबर. पण द्राक्ष काडीने लागतं. चांगली वेल मिळाली की तिच्या काड्या शेजाऱ्याला, त्याच्या काड्या त्याच्या पाहुण्याला. बियाण्याचा प्रश्नच नाही. राहिली हवा. तिथे आपल्या लोकांनी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोन छाटण्यांची पद्धत बसवली आणि हिवाळ्यात झोपणाऱ्या झाडाला न झोपवता फळाला आणलं. ब्रसेल्स स्प्राउटला अशी कात्री लावून फसवता येत नाही. एक छोटी युक्ती आहे, तिच्याकडे येतो.

आता हवेचा हिशेब. या भाजीचा गड्डा घट्ट भरायला सरासरी पंधरा ते अठरा अंश हवेत. त्यापेक्षा गरम झालं की गड्डा सैल होतो, फुलतो, आणि व्यापारी तो घेत नाही. नाशिककडे जानेवारीतही दुपारचा पारा सहज अठ्ठावीस-एकोणतीसवर जातो, रात्री दहा-बारा. म्हणजे सरासरी वीसच्या आसपास. दोन-चार अंशांनी हुकतं. दोन-चार अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पिकाच्या दृष्टीने तो घट्ट आणि सैल गड्ड्यातला फरक आहे.

यावर एक उदाहरण बघण्यासारखं आहे. अमेरिकेला हिवाळ्यात ही भाजी मोठ्या प्रमाणावर मेक्सिकोतून जाते, आणि तिथलं एक महत्त्वाचं ठिकाण म्हणजे ग्वानाह्वातो हे राज्य. नकाशावर अक्षांश काढा: वीस-एकवीस. चांदवडही वीस अंशांच्या थोडं वर. सूर्य तोच, दिवसाची लांबी तीच. मग तिथे कशी होते? ते पठार अठराशे मीटरच्या आसपास उंच आहे. आपण त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. आपले जे दोन-चार अंश हुकतात ते तिथे नुसत्या उंचीने भरून निघतात. चांदवडच्या किल्ल्याचा माथा हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे तिथे जरा बरं जमेल, पण पाणी कोण चढवणार? (हशा) अमेरिकेतसुद्धा थॉमस जेफरसन यांनी १८१२मध्ये आपल्या व्हर्जिनियातल्या बागेत ही लावल्याची नोंद आहे, पण बाजारासाठीची लागवड स्थिरावली ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, जिथे समुद्राचं धुकं उन्हाळ्यातही अंगावर स्वेटर घालायला लावतं. आपल्याकडे निलगिरी आणि हिमाचलात ती होते, ती याच कारणाने.

तरी कुणाला करून बघायचीच असेल तर काय? जात लवकर येणारी घ्यावी. जपानी संकरित जातींनी इथे फरक पाडला आहे. ‘जेड क्रॉस’ नावाच्या जपानी जातीला १९५९मध्ये अमेरिकेत पारितोषिक मिळालं होतं, ती इतरांपेक्षा उष्णता सोसते अशी तिची ख्याती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोप टाकायचं, महिन्याभराने दोन-दोन फुटांवर लावायचं. झाडाने ऑक्टोबरची उन्हं पानावर काढावीत आणि गड्डे धरायची वेळ डिसेंबर-जानेवारीत यावी असा बेत. मघाशी म्हटलेली युक्ती अशी की खालचे गड्डे बोराएवढे झाले की झाडाचा शेंडा खुडायचा. मग झाड वर वाढायचं सोडून सगळे गड्डे एकदम भरायला लागतं आणि दोन-तीन आठवडे वाचतात. आपल्याकडे थंडीच मुळात दोन-अडीच महिन्यांची, तिथे हे आठवडे सोन्यासारखे. मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग हे कोबीचे शत्रू हिचेही शत्रू आहेत. बंगळूरच्या फलोत्पादन संस्थेने कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायला सांगितलं आहे, पतंग आधी मोहरीवर जातो. ते इथेही करावं.

पण मंडळी, पाणी. ही साडेचार-पाच महिन्यांची भाजी. पेरणी पावसात, काढणी फेब्रुवारीपर्यंत. चांदवड तालुक्यात फेब्रुवारीला किती विहिरींना पाणी असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पुणेगाव-दरसवाडी-डोंगरगाव कालव्याचं पाणी येणार, येणार म्हणत एक पिढी म्हातारी झाली. ज्याच्याकडे शेततळं आहे तो त्यातलं शेवटचं पाणी उन्हाळ कांद्याला देईल की हुकमी गिऱ्हाईक नसलेल्या भाजीला? आणि गिऱ्हाईक नसणं म्हणजे काय, हेही इतिहासच सांगतो. फ्लॉवर, बटाटा, कोबी ही परकी म्हणून श्राद्धाच्या स्वयंपाकात अजून चालत नाहीत. तिथे गवार, भोपळा, कारलं, अळू. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादातही ती वर्ज्य आहेत. देवापितरांनी दोनशे वर्षं अडवून धरलं तरी रोजच्या स्वयंपाकघराने त्यांना आत घेतलं, कारण ती आपल्या फोडणीत बसली. चणाडाळ घातलेली कोबी ही आता आपलीच भाजी. ब्रसेल्स स्प्राउटला असं घर अजून मिळालेलं नाही, मुंबईच्या हॉटेलाने घेतली नाही तर लासलगावला किंवा पिंपळगावला तिचा लिलाव होणार नाही.

आणि म्हणून माझा खरा आक्षेप हवेला नाही. दापोडीला झाड मेलं तर नुकसान कंपनी सरकारचं व्हायचं. सहारनपूरला बी उगवलं नाही तर डॉक्टरसाहेबाचा पगार कापला जात नव्हता. महाबळेश्वरचे कैदी तर बिचारे शिक्षा म्हणूनच राबत होते, तोटा त्यांच्या नावावर लागत नव्हता. आज मात्र प्रयोगाचा खर्च शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. महागडी पुडी त्याची, ठिबक त्याचं, रोप मेलं तर तेही त्याचंच. पुडी विकणारा हंगाम संपायच्या आत पुढच्या गावी गेलेला असतो. नवं पीक लावा असं व्यासपीठावरून सांगणं फार सोपं आहे. मीही आत्ता व्यासपीठावरच उभा आहे, म्हणून जपून बोलतोय.

याच चांदवडला नोव्हेंबर १९८६मध्ये शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. इथे बसलेल्यांपैकी काही जणी तेव्हा आलेल्या असतील. लाखांनी बाया आल्या होत्या. शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, घरच्या बाईच्या नावावर जमीन करायचा, आणि १९९१मध्ये शेगावला चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. निर्यात शेतीचं पुढे सगळ्यांनी ऐकलं, द्राक्षाच्या कंटेनरवरून ते डोळ्यांना दिसलंही. सीताशेतीचं मात्र फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तिच्यात काय होतं? बाईच्या नावावरच्या तुकड्यात बाहेरचं काही विकत न आणता शेती करायची, बियाणं स्वतः जपायचं, वेगवेगळं लावून बघायचं. पाटण्याच्या माळ्यांनी फ्लॉवरचं जे शंभर वर्षं केलं ते हेच होतं, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. कांद्याच्या डोंगळ्याचं काम आजही घरोघरी बाईच निगुतीने करते. जिथे बी आपल्याकडे धरतं अशा पिकावर, देशी फ्लॉवर घ्या, मुळा घ्या, मेथी घ्या, एक गुंठ्यात असं काही करायचं ठरलं तर नुकसान झालं तरी एका गुंठ्याचंच होतं. ब्रसेल्सच्या भाजीवर एकर लावण्याआधी मला तरी तो गुंठा जास्त महत्त्वाचा वाटतो. हे माझं मत, पटेलच असं नाही.

वेळ होत आलाय, एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, शेडनेटमध्ये किंवा पॉलिहाउसमध्ये जमणार नाही का?

शेडनेटने दुपारचं ऊन थोडं कमी होतं, पण उजेडही कमी होतो आणि हिवाळ्यात तो झाडाला हवा असतो. पॉलिहाउस तर आतून आणखी तापतं, ते थंड मुलखात ऊब धरण्यासाठी निघालं. गार ठेवायचं म्हटलं तर पंखे, ओले पॅड, वीज. गुलाबाला, ढोबळीला तो खर्च निघतो. या भाजीला निघेल असा हिशेब कागदावरसुद्धा मला जमलेला नाही.

प्रश्न: गड्डे नाहीच भरले तर झाड फुकटच जायचं ना?

नाही ताई, अगदी फुकट नाही. शेंड्याची कोवळी पानं कोबीसारखी खाता येतात, बाकीचं शेळीला. आणि एक सांगतो, ही भाजी बघायला मुंबईला जायची गरज नाही. तुम्ही साधी कोबी लावता ना? काढताना गड्डा वरून कापा, खालची चार पानं आणि बुंधा रानात तसाच ठेवा, पाणी द्या. तीन-चार आठवड्यांत त्याच पानांच्या बेचक्यातून बारके बारके गड्डे फुटतात, बुंध्यामागे तीन-चार. आपण नांगरटीत मोडून टाकतो ते. ब्रसेल्सवाल्यांनी कोबीच्या बेचक्यातला हाच डोळा वाढवत नेला. ते गड्डे लिंबाएवढे असतानाच काढा, अर्धे चिरा, तेलात जिरं-लसणाची फोडणी, वरून दाण्याचं कूट. झाकण ठेवू नका, जास्त शिजले की वास मारतात.